विजेचे हातउसने

ज्या गावांत गावठाणाची आणि शेतीची वीजवाहिनी एकच आहे, तेथील शिक्षकांना रब्बीच्या हंगामातला एक अनुभव चांगला परिचयाचा असतो. थ्री-फेज पुरवठा येतो, शिवारातले पंप एकापाठोपाठ सुरू होतात आणि वर्गातला पंखा रेंगाळू लागतो. वाहिनीच्या अगदी टोकाला असलेल्या शेतकऱ्याचा पंप तर पाणीच उचलत नाही. मोटर नुसती घुमते, तापते आणि कधी कधी जळते. ‘दाब कमी आहे’ असे म्हणून आपण गप्प बसतो.

आता याच वाहिनीच्या टोकाला एखादे सौर वीजकेंद्र जोडले आहे असे समजा. भर दुपारी, पंप बंद असताना, तेथे नेमके उलटे घडते. दाब चढू लागतो आणि मर्यादेपलीकडे गेला की केंद्र स्वतःला वाहिनीपासून तोडून घेते. ऊन आहे, वीज तयार आहे, पण ती घेता येत नाही.

दाब पडणे आणि दाब चढणे या दोन्ही गोष्टींमागे विजेचा एक दुसरा हिशेब असतो. आपल्या घरच्या बिलात तो दिसत नाही. या हिशेबाला अभियंते ‘रिॲक्टिव्ह पॉवर’ म्हणतात. हा हिशेब कोणी, कोठे आणि कसा ठेवायचा, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. त्याचीच कथा या लेखात पाहू या.

गल्लीतले वीजघर

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजघर सुरू केले. ते आजूबाजूच्या काही गल्ल्यांना ११० व्होल्ट दाबाची दिष्ट, म्हणजे डीसी, वीज पुरवीत असे. इतक्या कमी दाबाने वीज दूर नेणे परवडत नाही, कारण तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून त्या पद्धतीत वीजघर वस्तीतच असावे लागे. आज आपण ज्याला ‘विकेंद्रित वीजनिर्मिती’ म्हणतो, ती या अर्थाने नवी कल्पना नव्हे. वीजपुरवठ्याची सुरुवातच तशी झाली.

दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली सुरू झालेले १३० किलोवॉटचे जलविद्युत केंद्र हे आपल्याकडचे याचे जुने उदाहरण होय. जवळच्या ओढ्यांचे पाणी आणि जवळच्याच गावाचे दिवे, एवढाच त्याचा संसार होता.

एकशे पंचाहत्तर किलोमीटर

हे चित्र पालटले ते १८९१ साली. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे विद्युत प्रदर्शन भरले होते. नेकार नदीवरील लाउफेन या गावी पाण्याच्या बळावर तयार केलेली थ्री-फेज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, वीज १७५ किलोमीटर तारांवरून प्रदर्शनात आणण्यात आली. ट्रान्सफॉर्मरने दाब सुमारे १५,००० व्होल्टपर्यंत चढवला होता. फ्रँकफुर्टला त्या विजेने एक हजार दिवे लागले आणि एका मोटरने पाणी उपसून कृत्रिम धबधबा चालवला. सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती टोकाला पोहोचली होती.

दाब चढवता येणे आणि उतरवता येणे हे एसीचे मोठे सामर्थ्य. दुसरे सामर्थ्य म्हणजे तिच्यावर चालणारी इंडक्शन मोटर. टेस्ला, फेरारिस आणि दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांच्या कामातून ती घडली. ना ब्रश, ना ठिणग्या, दणकट आणि स्वस्त. आपल्या विहिरीवर आजही तीच मोटर चालते. परंतु या दोन सोयींबरोबर एक देणेही आले.

उसनवारीचा हिशेब

मोटर फिरण्यासाठी तिच्या गुंडाळीत चुंबकीय क्षेत्र निर्माण व्हावे लागते. त्यासाठी ऊर्जा लागते, पण ही ऊर्जा खर्च होत नाही. एसी प्रवाह दिशा बदलत असतो, त्यामुळे क्षेत्र उभे राहते, मावळते आणि पुन्हा उलट दिशेने उभे राहते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात मोटरची प्रत्येक गुंडाळी सेकंदातून शंभर वेळा थोडी ऊर्जा उसनी घेते आणि शंभर वेळा ती परत करते.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि लगेच परत करावी, तसा हा प्रकार आहे. महिनाअखेरीस दोघींच्याही डब्यात साखर तेवढीच राहते. मात्र घेण्या-देण्यासाठी पायपीट होते, आणि शेजारीण दुसऱ्या गावात राहत असेल तर ती पायपीट फार होते. तारेच्या बाबतीत ही पायपीट म्हणजे जादा प्रवाह. तो काही काम करीत नाही, पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापवतो आणि दाब खाली ओढतो. त्या काळचे अभियंते त्याला ‘वॉट नसलेला प्रवाह’ म्हणत. या ये-जा करणाऱ्या शक्तीचे माप म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर होय.

या हिशेबाला नेटके गणित दिले चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी. ब्रेसलाऊ येथे जन्मलेले हे गणिती समाजवादी विचारांमुळे जर्मनी सोडून १८८९ साली अमेरिकेत आले. १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्यांनी एसीचे गणित संमिश्र संख्यांनी करून दाखवले. उणे एकच्या वर्गमुळाचा व्यवहारात काय उपयोग, असे अकरावीचे विद्यार्थी विचारतात तेव्हा हे उत्तर देता येईल: जगातील प्रत्येक वीजवाहिनीचा आराखडा त्या संख्येच्या आधाराने होतो.

शाळेत मात्र पायथागोरसचा सिद्धांत पुरेसा आहे. खरी शक्ती ही काटकोन त्रिकोणाची एक बाजू, रिॲक्टिव्ह पॉवर ही दुसरी बाजू आणि तारेला वाहावे लागणारे एकूण ओझे हा कर्ण. समजा, एक पंप ४.५ किलोवॉट खरी आणि ४ किलोव्हार रिॲक्टिव्ह शक्ती घेतो. तर कर्ण सुमारे ६ येतो. खऱ्या शक्तीचे कर्णाशी गुणोत्तर, येथे ०.७५, म्हणजे पॉवर फॅक्टर.

आता मोटरपाशी २ किलोव्हारचा कपॅसिटर जोडला. कपॅसिटरही ऊर्जा उसनी घेतो, पण त्याची वेळ मोटरच्या नेमकी उलट असते. मोटर परत करते तेव्हा तो घेतो आणि मोटर मागते तेव्हा तो देतो. उसनवारी अंगणातल्या अंगणात मिटते. दुसरी बाजू ४ ऐवजी २ झाली की कर्ण सुमारे ४.९ होतो. प्रवाह १८ टक्क्यांनी आणि तारेतील व्यय सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. पाणी तेवढेच येते.

वीजघर दूर गेले

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात वीजघरे मोठी झाली आणि वस्तीपासून दूर गेली. शिवसमुद्रमची वीज १९०२ साली सुमारे दीडशे किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटावर साठवलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. इंग्लंडने १९२६ साली कायदा करून १,३२,००० व्होल्टचे राष्ट्रीय जाळे उभारायला घेतले. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यातून राज्यांची विद्युत मंडळे आली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० साली स्थापन झाले. मोठ्या केंद्रात वीज स्वस्त पडे, म्हणून गल्लीतली वीजघरे बंद होत गेली.

खरी शक्ती अशी दुरून आणता आली, पण रिॲक्टिव्ह पॉवर दुरून आणणे जमेना. लांब तारा स्वतःच चुंबकीय क्षेत्र बाळगतात आणि वाटेतच तिचा मोठा भाग गिळतात. म्हणून तारांच्या दुसऱ्या टोकाला तिची सोय करावी लागली. तेथे मोठी सिंक्रोनस यंत्रे कसलेही ओझे न ओढता नुसती फिरत ठेवीत. त्यांचे चुंबकन वाढवले की ती कपॅसिटरसारखी वागत. पुढे कपॅसिटर स्वस्त झाले आणि खांबांवरही चढले.

दोन-तृतीयांशाचा नियम

पण कोणत्या खांबावर? अमेरिकेतील नीगल आणि सॅम्सन यांनी १९५६ साली याचे जे विश्लेषण मांडले, ते वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

नऊ किलोमीटरची एक वाहिनी घेऊ. तिच्यावर सारख्या अंतराने सारखे पंप आहेत आणि त्यांची मिळून रिॲक्टिव्ह मागणी ९०० किलोव्हार आहे. उपकेंद्रातून निघताना तारेत ९०० किलोव्हार आहेत. प्रत्येक किलोमीटरला शंभर कमी होत होत टोकाला शून्य उरतात. आलेख काढला तर एक त्रिकोण मिळतो.

आता ६०० किलोव्हारचा एक कपॅसिटर सहाव्या किलोमीटरवर लावा. उपकेंद्राला ३०० च पाठवावे लागतात आणि ते तिसऱ्या किलोमीटरपर्यंत संपतात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे पंप कपॅसिटरकडून उलट दिशेने ३०० घेतात. सहाव्याच्या पुढचे पंप उरलेले ३०० घेतात. मोठ्या त्रिकोणाच्या जागी तीन छोटे त्रिकोण झाले. प्रत्येकाची लांबी आणि उंची मूळच्या एक-तृतीयांश. व्यय उंचीच्या वर्गाशी आणि लांबीशी सम प्रमाणात असतो, म्हणून प्रत्येक छोट्या त्रिकोणाचा व्यय मूळच्या एक-सत्तावीसांश होतो. तिन्हींचा मिळून एक-नवमांश. रिॲक्टिव्ह प्रवाहामुळे होणाऱ्या व्ययाचे नऊपैकी आठ भाग एकाच कपॅसिटरने वाचले! मागणीच्या दोन-तृतीयांश कपॅसिटर, दोन-तृतीयांश अंतरावर: हाच तो नियम.

नियम सुबक आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. मागणी वाहिनीभर सारखी पसरलेली आहे आणि ती दिवसभर तेवढीच राहते. पंपांच्या वाहिनीवर रात्री सगळे बंद असताना हाच कपॅसिटर दाब नको तेवढा चढवतो. म्हणून काही कपॅसिटर कायमचे आणि काही चालू-बंद करता येण्याजोगे ठेवावे लागतात.

कपॅसिटरला आणखी एक उणेपण आहे. त्याची रिॲक्टिव्ह पॉवर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ९० टक्क्यांवर आला की त्याचे देणे ८१ टक्क्यांवर येते. अडचणीच्या वेळीच या शेजाऱ्याचा हात आखडतो.

२३ जुलै १९८७ रोजी तोक्योत हे दिसले. कडक उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाच्या सुटीनंतर वातानुकूलन यंत्रे भराभर सुरू झाली. मागणी मिनिटाला सुमारे ४०० मेगावॉट वाढू लागली. उपलब्ध कपॅसिटर जोडूनही दाब घसरत गेला आणि सुमारे २८ लाख ग्राहकांची वीज गेली. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. झाडांना टेकलेल्या तारा आणि बंद पडलेली सूचना-यंत्रणा ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. पण चौकशी अहवालाने क्लीव्हलंड-अक्रन भागातील रिॲक्टिव्ह पॉवरच्या अपुऱ्या नियोजनावरही बोट ठेवले. त्या दुपारी तेथील एक मोठा जनित्र-संच बंद पडला तो त्याच्याकडून अधिक रिॲक्टिव्ह पॉवर काढण्याच्या प्रयत्नातच.

वीजघर परत आले

मधल्या काळात वारे फिरले होते. तेलाच्या संकटानंतर अमेरिकेने १९७८ साली कायदा करून छोट्या उत्पादकांची वीज विकत घेणे वितरण कंपन्यांना भाग पाडले. डेन्मार्कमध्ये पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जर्मनीने १९९० आणि २००० च्या कायद्यांनी घराघरांच्या छपरांवर सौर पट्ट्या आणल्या. वीजघर पुन्हा गल्लीत आले. २००० साली ली विलिस यांनी दोन-तृतीयांशाचा नियम छोट्या वीजघरांनाही लावून दाखवला. टोकाजवळ योग्य आकाराचे जनित्र बसवले तर व्यय फार घटतो.

पण वितरणाच्या तारा एका दिशेने वाहण्यासाठी बांधलेल्या होत्या. तारेतील दाबाचा फरक ढोबळमानाने असा काढतात: खरी शक्ती गुणिले तारेचा रोध, अधिक रिॲक्टिव्ह पॉवर गुणिले तारेचा रिॲक्टन्स, आणि या बेरजेला दाबाने भागायचे. उच्चदाबाच्या जाड तारांत रिॲक्टन्स रोधाच्या कित्येक पट असतो. तेथे दाब मुख्यतः रिॲक्टिव्ह पॉवरवर ठरतो. गावाकडच्या ११,००० व्होल्टच्या बारीक तारांत दोन्ही जवळजवळ सारखे असतात, म्हणून तेथे खरी शक्तीही दाब हलवते.

समजा, अशा वाहिनीचा रोध ४ ओहम आणि रिॲक्टन्स ३ ओहम आहे आणि टोकाला २ मेगावॉटचे सौर केंद्र आहे. दुपारी वाहिनीवर दुसरे काही चालू नसेल तर टोकाचा दाब सुमारे ७३० व्होल्टने, म्हणजे ६.६ टक्क्यांनी चढतो. या वाहिन्यांवर दाब सहा टक्क्यांहून अधिक चढू नये आणि नऊ टक्क्यांहून अधिक उतरू नये, असा आपल्याकडचा दंडक आहे. म्हणजे केंद्र बंद करावे लागणार. पण त्याच्या इन्व्हर्टरला ०.९५ पॉवर फॅक्टरने सुमारे ०.६६ मेगाव्हार शोषून घ्यायला सांगितले, तर दाब १८० व्होल्टने उतरतो आणि चढ पाच टक्क्यांवर येते. केंद्र चालू राहते.

हे फुकट होत नाही. इन्व्हर्टर पाच टक्के मोठा लागतो, तारेतील व्यय सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो आणि शोषलेली रिॲक्टिव्ह पॉवर उपकेंद्राला पुरवावी लागते. म्हणून निर्मिती कोठे, किती आणि कपॅसिटर कोठे, किती हे प्रश्न वेगवेगळे सोडवता येत नाहीत. नियोजन एकत्रच करावे लागते.

आश्चर्य हे की बराच काळ नियम याच्या उलट होते. छोटी केंद्रे कितीशी वीज देणार, त्यांनी दाबाच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, असा विचार त्यामागे होता. अमेरिकेतील ‘आयईईई १५४७’ या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीने छोट्या जनित्रांना दाबाचे नियंत्रण करण्यास मनाईच केली होती. ती मनाई २०१४ साली उठली आणि २०१८ च्या आवृत्तीत तीच क्षमता सक्तीची झाली. जर्मनीने छपरावरच्या केंद्रांनाही २०१२ पासून रिॲक्टिव्ह पॉवरची जबाबदारी दिली.

२८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. या वेळी दाब पडला नव्हता, तर चढला होता. कमी भार वाहणाऱ्या लांब तारा कपॅसिटरप्रमाणे वागतात आणि स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर निर्माण करतात. ती शोषून घ्यायला पुरेसे कोणी नव्हते. चढलेल्या दाबाने एकेक केंद्र सुटत गेले आणि दाब आणखी चढला. युरोपीय तज्ज्ञांच्या चौकशीत कारणे अनेक निघाली. मोठ्या पारंपरिक केंद्रांच्या कामगिरीवरही प्रश्न उठले. त्यांतील एक कारण आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. तेथील सौर आणि पवन केंद्रे नियमानुसार ठरावीक पॉवर फॅक्टर राखीत होती. दाब चढो वा उतरो, त्याकडे लक्ष देणे त्यांचे काम नव्हते. हा नियम बदलण्याचा निर्णय त्या देशाने जून २०२५ मध्ये घेतला.

आपल्या शिवारात

महाराष्ट्रात २०१७ पासून कृषी वाहिन्यांसाठी सौर केंद्रे उभारण्याची योजना चालू आहे आणि २०२३ पासून तिला मोठा वेग आला आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू आहे आणि तो फार मोलाचा आहे. ही केंद्रे उपकेंद्राच्या जवळ असावीत, असे धोरण ठेवल्याने दाब चढण्याचा धोका बराच आटोक्यात राहतो. पण उपकेंद्रापाशी तयार झालेली वीज वाहिनीच्या टोकाच्या पंपापर्यंत त्याच जुन्या तारांवरून जाते. तेथे पंपांना कपॅसिटर नसतील, तर शेवटच्या शेतकऱ्याचा दाब सौर केंद्र आल्याने फारसा सुधारणार नाही.

खेड्यांत आज काय दिसते? कित्येक पंपांचे कपॅसिटर जळाले की पुन्हा बसवले जात नाहीत. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू करणारे ‘ऑटो स्विच’ मात्र घरोघर आहेत. मग एखाद्या दिवशी डीपी जळते आणि उभे पीक पाण्यावाचून राहते. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु घराचे मीटर फक्त युनिट मोजते आणि अनेक पंपांना तर मीटरच नाही. आपण कपॅसिटर लावला की फायदा सगळ्या वाहिनीचा होतो, आपल्या हाती मात्र दिसण्यासारखे काही येत नाही. मोठ्या कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशेब धरला जातो, म्हणून तेथे कपॅसिटर नीट राखलेले आढळतात.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून आम्हाला हेच दिसते. रिॲक्टिव्ह पॉवर जेथे हवी तेथेच पुरवावी किंवा शोषावी लागते आणि ती ज्याच्या हिशेबात नाही, तो तिच्याकडे लक्ष देत नाही. तोक्योतही हेच झाले, स्पेनमध्येही, आणि आपल्या शिवारातही तेच होत असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा गावातल्या पंपांची पाहणी करावी. कोणाच्याही पेटीला हात न लावता, नुसते विचारून, किती पंपांना कपॅसिटर आहे हे वहीत टिपावे. पंप किती अश्वशक्तीचा आणि डीपीपासून किती दूर, हेही टिपावे. मग वर्गात आलेख काढून दोन-तृतीयांशाचा नियम त्या वाहिनीला लावून पाहावा. आकडे सुबक येणार नाहीत, कारण पंप सारख्या अंतरावर नसतात. नियमाचे उत्तर आणि गावातली स्थिती यांत फरक का पडतो, हे शोधण्यातच नियोजनाचा पहिला धडा आहे. आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवली, तर टोकाच्या शेतकऱ्याच्या पंपाला दाब मिळण्याच्या दिशेने एक पाऊल पडेल.